पुरळ, खाज आणि थाई वनौषधी : घरी करता येण्याजोग्या उपचारांची सविस्तर रीत

थाई पारंपरिक वैद्यकात अंगावर उठणाऱ्या पुरळाकडे पाहण्याची एक शिस्त आहे आणि ती शिस्त वनस्पतींच्या कोणत्याही यादीपेक्षा अधिक मोलाची आहे. पुरळ कोरडे आहे की त्यातून लस वाहते आहे, ते एका जागी आहे की सर्वांगावर पसरते आहे, त्यासोबत ताप आहे की नाही, रुग्णाने अलीकडे काय खाल्ले आणि ऋतू कोणता चालू आहे, हे सारे विचारून झाल्यावरच वैद्य पाल्याला हात लावतो. या लेखात तोच क्रम ठेवला आहे. एखाद्या वनस्पतीचे नाव ऐकून थेट पाला वाटायला बसणाऱ्या वाचकाने निदान पहिल्या दोन पायऱ्या तरी वगळू नयेत, कारण या उपचारांनी होणारे बहुतेक नुकसान औषधाने होत नाही, ते चुकीच्या पुरळावर योग्य औषध लावल्याने होते.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. थाई वैद्यक शरीराची मांडणी पृथ्वी, जल, वायू आणि अग्नी या चार धातूंत करते. त्याची मुळे बौद्ध परंपरेबरोबर भारतातून गेलेल्या ज्ञानात आहेत. बुद्धाचा वैद्य जीवक कौमारभृत्य याला थाई वैद्य आजही आदिगुरू मानतात आणि कामाला आरंभ करण्यापूर्वी त्याला वंदन करतात. बँकॉकमधील वाट फो या मंदिरात तिसऱ्या राम राजाच्या काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, इतर विद्यांबरोबर वैद्यकाचे ज्ञानही शिलालेखांवर कोरून सर्वांसाठी खुले करण्यात आले. त्या शिलालेखांची नोंद युनेस्कोने २०११ साली जागतिक स्मृती नोंदवहीत केली. पुरळासह येणाऱ्या तापांवरचा जो जुना थाई ग्रंथ आहे, त्याचे नावच ‘तक्कसिला’ असे आहे. जीवक जिथे शिकला त्या तक्षशिलेची आठवण त्यात आहे आणि मराठी वाचकाला तिथे आपल्या घरातलेच कोणी भेटल्यासारखे वाटावे.

परंतु हे वैद्यक केवळ जुन्या पोथ्यांत राहिलेले नाही. अल्मा-आता येथील १९७८ च्या प्राथमिक आरोग्य परिषदेनंतर थायलंडच्या सार्वजनिक आरोग्य मंत्रालयाने साध्या तक्रारींसाठी घरगुती वनौषधींचा पद्धतशीर प्रसार केला. २००२ मध्ये पारंपरिक व पर्यायी वैद्यकासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला आणि आज राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत वनौषधींचाही समावेश आहे. प्राचिनबुरी येथील चाओ फ्राया अभयभूबेत रुग्णालय अशा औषधांसाठी देशभर ओळखले जाते. पुढे दिलेल्या बहुतेक कृती याच सार्वजनिक आरोग्याच्या परंपरेतून आलेल्या आहेत.

पहिली पायरी : घरी उपचार करायचा की नाही

तक्कसिला ग्रंथातील एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. ताप आणि पुरळ एकत्र असतील, तर रुग्णाला शेक देऊ नये, मालिश करू नये, तेल चोळू नये, गरम पाण्याने आंघोळ घालू नये, रक्त काढू नये आणि उष्ण, तिखट, आंबट औषध देऊ नये, असे तो सांगतो. गोवर, कांजिण्या आणि डेंग्यू यांचे आजचे ज्ञान नसतानाही त्या वैद्यांनी एवढे ओळखले होते की अशा पुरळाचे मूळ त्वचेत नसते आणि त्वचेला छेडल्याने रोगी अधिक खालावतो. हाच नियम आपल्यासाठी पहिली चाळणी ठरतो. तापासह पुरळ आले की घरगुती लेप बाजूला ठेवावा आणि डॉक्टरांकडे जावे.

याच चाळणीत आणखी काही गोष्टी येतात. ओठ, जीभ किंवा पापण्या सुजणे, आवाज बसणे, श्वास लागणे किंवा चक्कर येणे ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे आहेत आणि तिथे एक मिनिटही दवडता कामा नये. काच दाबूनही फिके न पडणारे लाल-जांभळे ठिपके, नवे औषध सुरू केल्यानंतर त्वचेला फोड येणे किंवा ती सोलवटणे, तोंडात व डोळ्यांत एकाच वेळी जखमा होणे, डोळ्याच्या किंवा नाकाच्या टोकाजवळ उठलेली नागीण, तान्ह्या मुलाचे कोणतेही पसरते पुरळ, आणि मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या पायावरचे चिघळलेले पुरळ, या सर्व अवस्थांत रुग्णालय हीच पहिली जागा आहे. गरोदर व स्तनदा स्त्रियांनी तसेच प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी पुढील कृती डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

दुसरी पायरी : पुरळ पाहणे

दिवसाच्या उजेडात, साबण न लावलेल्या कोरड्या त्वचेवर पुरळ नीट पाहावे. त्याचे एक छायाचित्र काढावे आणि कडेभोवती पेनाने हलकी रेघ ओढावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते पसरले की आटले हे अंदाजाने न ठरवता डोळ्यांनी ठरवता येते.

लालसर गांधी अचानक उठून काही तासांत एका जागेवरून दुसरीकडे सरकत असतील, तर ते अंगावर उठलेले पित्त होय. थाई वैद्य यात वायूचा प्रकोप पाहतात. गोल चकंदळ, ज्याची कड उंचावलेली व खवलेदार आहे आणि मधला भाग साफ होत आला आहे, तो गजकर्ण किंवा नायटा. छातीपाठीवर फिकट किंवा तपकिरी, भुरकट सुटणारे डाग म्हणजे शिबे. घाम साचणाऱ्या जागी, मानेवर, पाठीवर, कमरपट्ट्याखाली बारीक टोचणारे पुटकुळे असतील तर ते घामोळे. शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारख्या रेषेत, आधी आग होऊन मग पाणीदार फोडांचे झुपके उठले, तर ती नागीण समजावी. बोटांच्या बेचक्यांत व मनगटावर रात्री वाढणारी खाज असेल आणि घरातील इतरांनाही ती होत असेल, तर ती खरूज आहे. खरजेवर पाल्याचे लेप लावून वेळ घालवू नये, कारण ती घरभर पसरते आणि सर्वांनी एकाच वेळी औषध लावल्याशिवाय जात नाही.

यानंतर ओले-कोरडे हा भेद येतो. लस वाहणाऱ्या, चिकट पुरळावर तेल किंवा मलम लावले तर ते आत कोंडते आणि चिघळते. तिथे गार काढ्याने धुणे किंवा ओल्या फडक्याची घडी ठेवणे योग्य. कोरड्या, खवलेदार, तडकलेल्या त्वचेला मात्र स्निग्धता हवी असते. थाई परंपरेत धुण्याचे काढे, अंगाला फासण्याची पातळ औषधे, पाल्याचे लेप आणि मेणाची मलमे असे वेगवेगळे प्रकार ठेवले आहेत, त्यामागे हाच विचार आहे.

औषध निवडण्याचा आधार

थाई औषधशास्त्र वनस्पतीचे काम तिच्या रसावरून, म्हणजे चवीवरून ओळखते. तुरट, गोड, उग्र, कडू, तिखट, स्निग्ध, सुगंधी-शीत, खारट आणि आंबट असे नऊ रस त्यात सांगितले जातात. यांतील उग्र रस, जो जिभेवर नकोसा वाटतो आणि मळमळ आणतो, तो कृमी व त्वचारोगांसाठी राखलेला आहे. कडू रस रक्त आणि पित्तासाठी, सुगंधी-शीत रस तापलेल्या, घाबऱ्या शरीरासाठी, तर खारट रस त्वचेत मुरण्यासाठी. गजकर्णाच्या पाल्याला घामोळ्यावर का लावू नये, याचे उत्तर या मांडणीतच मिळते. उग्र औषध नाजूक, आधीच तापलेल्या त्वचेला भाजते.

गजकर्ण व शिबे यांवर

या विकारांवर थाई परंपरा सर्वांत समृद्ध आहे आणि आपल्यालाही तिचा सर्वांत जास्त उपयोग होऊ शकतो. थायलंडमध्ये ‘थोंग फान चांग’ म्हणून ओळखली जाणारी वनस्पती म्हणजे आपल्याकडील गजकर्णी. पांढरी, दोन ओठांसारखी दिसणारी लहान फुले आणि टोकदार पाने असलेले हे झुडूप महाराष्ट्रात अनेक बागांत लावलेले आढळते. तिच्या पानांत व मुळांत ऱ्हायनाकँथिन नावाची द्रव्ये असतात आणि बुरशीविरुद्धचा गुण प्रामुख्याने त्यांच्याकडे जातो.

कृती अशी. कीड नसलेली ताजी पाने घ्यावीत, वाहत्या पाण्यात धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी होऊ द्यावीत. पाणी राहिले तर अर्क नासतो. पाने दगडी खलबत्त्यात जाडसर कुटावीत, काचेच्या स्वच्छ बरणीत भरावीत आणि पाला पूर्ण बुडेल इतके अल्कोहोल ओतावे. थायलंडमध्ये तांदळाची पांढरी दारू वापरतात. आपल्याकडे औषधांच्या दुकानात मिळणारे सत्तर टक्के अल्कोहोल चालते. बरणी घट्ट बंद करून सात दिवस अंधाऱ्या जागी, देवघर व गॅस यांपासून दूर ठेवावी आणि दिवसातून एकदा हलवावी. आठव्या दिवशी सुती फडक्यातून गाळून रंगीत बाटलीत भरावे आणि बाटलीवर ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ असे लिहून तारीख टाकावी.

चट्टा धुऊन कोरडा केल्यावर कापसाच्या बोळ्याने हा अर्क दिवसातून तीन ते चार वेळा लावावा. चट्ट्याच्या कडेपलीकडे सुमारे दोन बोटे निरोगी दिसणाऱ्या त्वचेवरही लावावा, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्यापेक्षा पुढे सरकलेली असते. चट्टा नाहीसा झाल्यानंतरही आणखी सात दिवस लावत राहावे, असे थाई मार्गदर्शन स्पष्ट सांगते. बहुतेक लोक नेमके इथेच थांबतात आणि महिन्याभराने तोच चट्टा परत येतो. जांघेत, गुप्तांगाजवळ, चेहऱ्यावर, फाटलेल्या त्वचेवर आणि लहान मुलांना अल्कोहोलचा अर्क लावू नये.

दुसरी वनस्पती म्हणजे दादमर्दन. थाई लोक तिला ‘चुम हेत थेत’ म्हणतात. उभ्या मेणबत्तीसारखे पिवळे तुरे आणि मोठी संयुक्त पाने यांवरून ती लगेच ओळखता येते. ताजी पाने थोड्या पाण्यासह वाटून लेप लावतात. जुन्या रीतीत त्यात तेवढाच लसूण आणि विड्याचा चुना घालतात आणि लावण्यापूर्वी बांबूच्या सालीने चट्टा लाल होईपर्यंत खरवडतात. ही खरवड आणि चुना-लसूण दोन्ही टाळावीत असे माझे स्पष्ट मत आहे. कच्च्या लसणाने त्वचा भाजल्यासारखे फोड येतात आणि खरवडलेल्या जागी दुसरा संसर्ग सहज शिरतो. नुसत्या पाल्याचा लेप वीस मिनिटे ठेवून धुवावा. ही पाने पोटात गेल्यास जुलाब होतात, म्हणून वाटण करून झाल्यावर पाटा-वरवंटा व हात नीट धुवावेत.

शिब्यांसाठी मोठा कुलंजन, म्हणजे थाई स्वयंपाकातील ‘खा’, अंगठ्याएवढा घेऊन ठेचतात आणि दारूत मिसळून तो रस लावतात. कुलंजन तिखट आहे, त्यामुळे प्रथम नाण्याएवढ्या जागेवरच लावून पाहावे. शिबे गेले तरी फिकट डाग काही आठवडे राहतात. तेवढ्याने औषध फसले असे समजून अधिक तीव्र काही लावू नये.

इथे भारतातील परिस्थितीविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. गेल्या दशकात आपल्याकडे गजकर्ण हट्टी झाले आहे. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारी बुरशी पसरली आहे आणि स्टेरॉइड मिसळलेली संमिश्र मलमे डॉक्टरांना न विचारता लावण्याच्या सवयीने चट्ट्याचे रूपच बदलते, असे त्वचारोगतज्ज्ञ सतत सांगत आहेत. ज्याने अशी मलमे आधी लावली आहेत, ज्याचे चट्टे मोठ्या भागावर आहेत, ज्याला डोक्यात किंवा नखांत बुरशी आहे, त्याने वनौषधींवर विसंबू नये. डोक्यातील व नखांतील बुरशीला पोटातून औषध द्यावे लागते. मर्यादित, ताज्या चट्ट्यावर गजकर्णीचा अर्क दोन आठवडे लावूनही कड मागे सरत नसेल, तर तिथे थांबावे.

पित्त उठणे, किडे चावणे आणि सुरवंटाचे केस

आपल्या कुंपणांवर चढणारा तोंडल्याचा वेल थायलंडमध्ये ‘तामलुंग’ नावाने भाजी म्हणून खाल्ला जातो आणि त्याची पाने खाज, ॲलर्जीचे पुरळ व कीटकदंश यांवर लावली जातात. कृती इतकी सौम्य आहे की सुरुवात इथूनच करावी. मूठभर ताजी पाने धुऊन, थोडे उकळून गार केलेले पाणी घालून वाटावीत, फडक्यातून रस पिळावा आणि तो रस जागेवर लावावा. वाळला की पुन्हा लावावा. सुरवंटाचे केस अंगात रुतले असतील तर आधी चिकटपट्टी हलकेच दाबून उचलून केस काढावेत, मग रस लावावा. रस दर वेळी ताजा काढावा.

विड्याच्या पानाचा उपयोग अधिक जोरकस आहे. एक-दोन पाने कुटून पांढऱ्या दारूत मिसळून पित्ताच्या गांधींवर लावण्याची थाई रीत आहे आणि तिने खाज लवकर शमते. उघड्या जखमेवर ते फार झोंबते. चेहऱ्यावर तर विड्याचे पान लावूच नये. तैवानमध्ये चेहऱ्यावर या पानांचे लेप वारंवार लावणाऱ्या स्त्रियांची त्वचा ठिकठिकाणी पांढरी पडल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. महाराष्ट्रातील वाचकाकडे पित्तासाठी आमसुलाचे पाणी अंगाला लावण्याची जुनी आणि सौम्य रीत आहेच. कोकमाचा जवळचा नातलग असलेल्या मँगोस्टीनची साल थाई वैद्यकात जखमा व त्वचाविकारांसाठी वापरली जाते, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे.

पित्त उठल्यावर लेपाइतकेच कारण शोधणे महत्त्वाचे असते. मागील बारा तासांत खाल्लेले, घेतलेले औषध, चावलेला किडा, बदललेला साबण हे सर्व लिहून काढावे. डॉक्टरांनी दिलेली ॲलर्जीची गोळी आणि तोंडल्याचा रस एकत्र चालतात.

नागीण आणि ओठांवरील जर (ओठांवर उठणारे फोड)

या दोन्हींवर थायलंडची खास देणगी म्हणजे ‘फया यो’ ही वनस्पती. तिचा समावेश राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. पानांच्या अर्काचे चार ते पाच टक्क्यांचे मलम जर व नागिणीसाठी आणि सौम्य लोशन घामोळे, खाज व पित्तासाठी, अशी तिची रूपे थाई औषधालयांत मिळतात. मलम दिवसातून पाच वेळा लावायचे असते. ताजा पाला मिळाल्यास मूठभर पाने वाटून रस लावतात.

पाला ओळखताना एक फसगत होते. थायलंडमध्ये ‘सलेत फांगफोन’ या एकाच नावाखाली नर आणि मादी अशा दोन वनस्पती येतात. काटे आणि पिवळी फुले असलेली नर वनस्पती आपल्या कोरांटीची बहीण आहे. बिनकाट्याची, लालसर-नारिंगी फुलांची मादी म्हणजे फया यो. जर व नागिणीसाठी दुसरीच हवी.

नागिणीच्या बाबतीत मात्र मला आग्रहाने सांगायचे आहे की विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून बहात्तर तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा सर्वाधिक उपयोग होतो. आपल्याकडे काव लावून घेण्यात हे तीन दिवस निघून जातात आणि मग महिनोन्‌महिने आग होत राहते. फया यो हे त्या गोळ्यांच्या जोडीला वापरण्याचे औषध आहे. फोड फोडू नयेत आणि कांजिण्या न झालेल्या लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना रुग्णाजवळ येऊ देऊ नये.

घामोळे

लोपबुरी प्रांतात मिळणारी ‘दिन सो फोंग’ ही पांढरी चुनखडीयुक्त माती थाई उन्हाळ्याची ओळख आहे. सोंगक्रानच्या सणात ती एकमेकांच्या गालांना लावतात. घामोळ्यावर तिचा पातळ लेप घाम शोषतो आणि गारवा देतो. औषधासाठी ती आधी मातीच्या भांड्यात तापवून शुद्ध करतात. बाजारातील कच्च्या मातीत जंतू असू शकतात, त्यामुळे ही पायरी गाळू नये आणि फुटलेल्या पुटकुळ्यांवर माती अजिबात लावू नये. थंड झालेली माती उकळून गार केलेल्या पाण्यात ताकाएवढी पातळ करून लावावी, वाळताच गार पाण्याने धुवावी आणि अंग हवेवर कोरडे होऊ द्यावे.

त्यानंतर चिंचेच्या आणि शिकेकाईच्या कोवळ्या पानांचा काढा उपयोगी पडतो. थाई लोक शिकेकाईला ‘सोम पोई’ म्हणतात आणि तिची आंबट पाने अंगाची मळी काढण्यासाठी व खाज कमी करण्यासाठी आंघोळीच्या व वाफेच्या औषधांत घालतात. दोन्हींची मूठ-मूठ पाने दोन लिटर पाण्यात दहा मिनिटे उकळून, गाळून, पूर्ण गार करून शेवटचे पाणी म्हणून अंगावर घ्यावीत. डोळ्यांत जाऊ देऊ नये. थाई वनौषधींची वाफ आणि गरम पुरचुंडीचा शेक आता आपल्याकडील स्पामध्येही मिळतो, परंतु पुरळ असताना दोन्ही टाळावेत. उष्णतेने घामोळे आणि पित्त दोन्ही वाढतात.

समुद्रातील पुरळ

थायलंडच्या बेटांवर फिरायला जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या मोठी आहे, म्हणून हेही सांगतो. तिथल्या पाण्यात पेटीच्या आकाराची, अत्यंत विषारी जेलीफिश असते आणि अनेक किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या खांबांवर ठेवलेल्या असतात. दंश झाल्यास पाण्याबाहेर यावे, मदत बोलवावी, जागेवर किमान तीस सेकंद व्हिनेगर ओतत राहावे. चोळू नये, गोड्या पाण्याने धुऊ नये. श्वासाचा किंवा छातीचा त्रास होताच रुग्णालय गाठावे. मुंबई-कोकणात पावसाळ्यात येणाऱ्या निळ्या जेलीफिशसाठी समुद्राच्या पाण्याने धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात अवयव ठेवणे ही रीत आहे.

धोका टळल्यावर मागे राहणाऱ्या लाल, खाजऱ्या पट्ट्यांसाठी थाई कोळी ‘फक बुंग थले’ची पाने वाटून लावतात. बकरीच्या खुरासारखी पाने आणि जांभळी फुले असलेली ही आपल्या किनाऱ्यावरची मर्यादवेलच आहे. वाळू पूर्ण धुऊन, रस काढून, दिवसातून दोन-तीन वेळा लावावा.

लावण्यापूर्वीची चाचणी, पथ्य आणि पोटातील औषध

कोणतेही औषध प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी लावून चोवीस ते अठ्ठेचाळीस तास वाट पाहावी. हळद, कुलंजन आणि कोरफड यांनीही काहींना ॲलर्जी होते. कोरफडीचा गर वापरताना सालीलगतचा पिवळा चीक धुऊन काढावा, कारण तो त्वचेला खाज आणतो. एका वेळी एकच औषध लावावे, नाहीतर कशाने बरे वाटले आणि कशाने बिघडले हे कधीच कळत नाही.

पथ्याबाबत थाई वैद्य काटेकोर असतात. पुरळ असेपर्यंत मद्य, आंबवलेले मासे, बांबूचे कोंब आणि समुद्री अन्न बंद ठेवायला ते सांगतात. ज्याला यांपैकी कशाने पुरळ वाढल्याचा अनुभव नाही, त्याने दीर्घकाळ पथ्य करण्याची गरज नाही, परंतु पित्त उठले असताना आठवडाभर ते पाळल्यास कारण शोधणे सोपे जाते. सैल सुती कपडे, उन्हात वाळवलेले टॉवेल आणि कापलेली नखे यांचा लाभ प्रत्येक प्रकारात होतो.

पोटातून घेण्याच्या औषधांत ‘या खियाव होम’ हे सुगंधी हिरवे चूर्ण प्रसिद्ध आहे. वाळा, बकुळ, नागकेसर आणि कमळाचे केसर यांसारखी सुगंधी-शीत द्रव्ये त्यात असतात आणि गोवर-कांजिण्यांच्या तापात ते देतात. थायलंडच्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीतच त्यासोबत इशारा आहे की डेंग्यूची लक्षणे त्याने झाकली जाऊ शकतात आणि परागकणांची ॲलर्जी असलेल्यांनी सावध राहावे. महाराष्ट्रात पावसाळ्यानंतर डेंग्यूची साथ दरवर्षी असते, त्यामुळे निदान होण्यापूर्वी हे चूर्ण घरी घेऊ नये, असेच मी सुचवीन.

विकत घेताना

थायलंडमध्ये वनौषधी उत्पादनांसाठी २०१९ चा स्वतंत्र कायदा आहे आणि नोंदणीकृत उत्पादनावर नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तो नसलेली, जत्रेत किंवा समाजमाध्यमांवर विकली जाणारी मलमे आणि गोळ्या घेऊ नयेत. अशा मालात स्टेरॉइड मिसळलेले सापडण्याचा प्रश्न तिथेही जुना आहे. दोन दिवसांत जादूसारखे पुरळ उतरते आणि औषध थांबवताच दुप्पट जोमाने परत येते, हे त्याचे ओळखण्याजोगे लक्षण आहे. तसे घडल्यास उरलेली डबी फेकून न देता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी.

घरी केलेल्या औषधांपैकी पाल्याचे लेप व रस त्याच दिवशी वापरून उरलेले टाकून द्यावेत, काढा फ्रीजमध्ये एक दिवस ठेवता येतो आणि अल्कोहोलचा अर्क काही महिने टिकतो. रंग बदलला, गढूळपणा आला किंवा वास उतरला की अर्क ओतून द्यावा आणि बाटली धुऊन, उन्हात पूर्ण वाळवूनच पुन्हा भरावी.